तपासणीनंतरचे पाऊल

आरोग्य शिबिर असो वा एखाद्या मोठ्या संस्थेने हाती घेतलेला वैद्यकीय अभ्यास असो, त्याचा आरंभ नेहमी गाजावाजाने होतो. मंडप उभारला जातो, नावे नोंदवली जातात, रक्ताचा नमुना दिल्यावर चहा-बिस्किटे मिळतात आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्रात छायाचित्रही येते. शेवट मात्र कोणाच्या ध्यानात राहत नाही. काही दिवसांनी घरी एक पाकीट येते. त्यातील कागदावर एक आकडा असतो, शेजारी सर्वसाधारण मर्यादा छापलेली असते आणि बहुतेक घरांत तो कागद वीजबिलांच्या फायलीत जाऊन पडतो. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाची तपासणी असेल, तर हे हमखास घडते. हा विषयच असा आहे की पुरुष त्याविषयी घरात बोलत नाहीत, आणि बाहेर बोलले तर थट्टेच्या सुरात बोलतात.

अभ्यास करणाऱ्या संशोधकांना हजारो पुरुषांच्या समूहाविषयी काही जाणून घ्यायचे असते. तपासणी केल्याने मृत्यू कमी होतात का, किती जणांना विनाकारण सुई टोचली जाते, किती जणांना गरज नसताना शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते, हे त्यांचे प्रश्न असतात. त्यात भाग घेणाऱ्या पुरुषाला एकच प्रश्न असतो : माझे काय? संशोधकांचे प्रश्न सुटले की अभ्यास संपतो. त्या पुरुषाचा प्रश्न मात्र त्याच्याबरोबर घरी येतो आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे त्याच्या सोबतीने राहतो. म्हणून अभ्यास संपल्यावर, शिबिराचा मंडप उतरल्यावर, पुढे कोणते पाऊल टाकावे याचा विचार ज्याचा त्यानेच, आणि त्याच्या घरच्यांनी, करायचा असतो.

प्रोस्टेट अथवा पुरःस्थ ग्रंथी ही मूत्राशयाच्या मुखाशी असलेली, अक्रोडाएवढी लहान ग्रंथी होय. मूत्रनलिका तिच्या मधून जाते. उतारवयात ही ग्रंथी वाढू लागली की नलिकेवर दाब येतो. लघवीची धार मंदावते, ती पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही, रात्री पुनःपुन्हा उठावे लागते. ही वाढ बहुतेक वेळा साधी असते. तिचा अर्थ कर्करोग असा नव्हे. याच्या उलट, कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो. तेथे तो आरंभी मूत्रनलिकेला अडथळा करीत नाही आणि त्यामुळे वर्षानुवर्षे काही बोलत नाही. त्रास आहे म्हणून कर्करोगच असेल असे नाही, आणि त्रास नाही म्हणून तो नसेलच असेही नाही. या एका वाक्यातील दोन्ही बाजू नीट समजल्या, तर पुढची निम्मी भीती आणि निम्मी बेफिकिरी आपोआप कमी होते.

आपल्या समाजातील अनेक वडीलधाऱ्या मंडळींचा चौविहाराचा नियम असतो. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेतला जात नाही. इतर घरांतील आजोबा रात्री उठतात, तेव्हा 'झोपताना पाणी जास्त झाले' असे म्हणून मोकळे होतात. चौविहार पाळणाऱ्याला ती सबब नाही. सहा-सात तास पाणी न घेताही ज्याला रात्री तीन-तीन वेळा उठावे लागते, त्याने तो दोष पाण्यावर ढकलू नये. कारण प्रोस्टेटचे असेल, मधुमेहाचे असेल किंवा आणखी कशाचे असेल. ते शोधणे भाग आहे. नियम पाळणाऱ्या देहाने दिलेली ही सूचना इतरांच्या देहापेक्षा अधिक स्पष्ट असते, एवढेच.

रत्नागिरीतील एक घर डोळ्यांसमोर आणावे. थोरले बंधू अडुसष्ट वर्षांचे, शाळेतून निवृत्त झालेले. पहाटे मारुती मंदिराच्या बाजूला फेरी, दुपारी वाचन, संध्याकाळी लवकर जेवण, असा त्यांचा क्रम. धाकटे बंधू त्रेसष्ट वर्षांचे, गेली पस्तीस वर्षे इंग्लंडमधील लेस्टर येथे स्थायिक. तेथील एका अभ्यासासाठी त्यांना डॉक्टरांकडून पत्र आले, त्यांनी रक्त दिले, पुढे एमआरआय झाला, सुईने ग्रंथीचे नमुने घेतले गेले आणि लहानसा, कमी जोखमीचा कर्करोग आढळला. शस्त्रक्रिया लगेच न करता लक्ष ठेवायचे ठरले. अभ्यासातील त्यांचा भाग संपला, तसे एक आभाराचे पत्र आले. त्या पत्राबरोबर पुढील तपासण्यांचे वेळापत्रक होते आणि त्याच्या अखेरीस एक सूचना होती : आपल्या सख्ख्या भावांना आणि मुलांना हे जरूर कळवावे.

धाकट्यांना पत्र पोहोचल्यानंतर फोन करायला तीन आठवडे लागले. आजाराची लाज वाटत होती असे नाही. दादाला काळजी नको, एवढाच विचार. अखेर फोन झाला. "दादा, तू कधी तपासून घेतलंस का?" या प्रश्नावर रत्नागिरीहून उत्तर गेले, "अरे, मला काय झालंय? रात्री दोन-तीनदा उठतो, ते वयाप्रमाणे होतंच." वहिनी शेजारीच बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी फोन हातात घेतला आणि शांतपणे सांगितले, "भावोजी, दोन-तीनदा नाही, चार वेळा. मी मोजते."

असे घर कोकणात एकच नाही. घराण्यातील एका पुरुषाला आलेले पत्र हे खरे तर दुसऱ्या पुरुषासाठी असते, हे अशा घरांत उशिरा कळते. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला प्रोस्टेटचा कर्करोग झाला असेल, तर त्या पुरुषाची जोखीम साधारण दुपटीने वाढते. एकाहून अधिक नातेवाइकांना तो झाला असेल किंवा कमी वयात झाला असेल, तर ती आणखी वाढते. यात माहेरची बाजूही मोजावी लागते. आई, मावशी, बहीण यांना स्तनाचा अथवा बीजांडकोशाचा कर्करोग झालेला असेल, तर त्या घराण्यात बीआरसीए-२ नावाच्या जनुकातील दोष असण्याची शक्यता असते. आणि हाच दोष पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाची जोखीम वाढवतो. तो मुलाकडे जातो तसा मुलीकडेही जातो. म्हणून अभ्यासातून बाहेर पडलेल्या पुरुषाचे पहिले पाऊल औषधांच्या दुकानाकडे जात नाही. ते बैठकीच्या खोलीकडे जाते. घराण्यात कोणाला, कोणत्या वयात, कोणता कर्करोग झाला, याची एक पानाची नोंद करून ती भावंडांना आणि मुला-मुलींना देणे हे कोणत्याही तपासणीइतकेच मोलाचे काम आहे.

त्यानंतर आकड्याकडे वळावे. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे एक प्रथिन आहे. त्याचा थोडा अंश रक्तात उतरतो आणि तो मोजता येतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या चाचणीला १९८६ मध्ये मान्यता दिली, ती आधीच निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. निदानाला साहाय्य म्हणून तिला १९९४ मध्ये मान्यता मिळाली. हे प्रथिन ग्रंथीचे आहे, कर्करोगाचे नाही, हे विसरले की सगळा घोटाळा होतो. ग्रंथी साधी वाढली तरी आकडा वाढतो. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला तर तो झपाट्याने वाढतो आणि उतरायला काही आठवडे घेतो. आदल्या दोन दिवसांतील शरीरसंबंध किंवा लांबवर केलेली सायकलची रपेट यांनीही तो थोडा हलतो. या चाचणीसाठी उपाशीपोटी राहण्याची आवश्यकता नाही. त्यामुळे उपवासाचा दिवस धरून रक्त द्यायला जाण्यात काही विशेष लाभ नाही.

आकडा वाढवणाऱ्या कारणांइतकेच आकडा झाकणारे कारणही ध्यानात ठेवले पाहिजे. ग्रंथीची वाढ आटोक्यात ठेवण्यासाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही औषधे दिली जातात. काही महिन्यांत ती पीएसएचा आकडा साधारण निम्म्यावर आणतात. अशा पुरुषाच्या अहवालात २ आले, तर त्याचा अर्थ ४ च्या आसपास असा लावावा लागतो; आणि औषध नियमित चालू असताना आकडा हळूहळू चढू लागला, तर तो लहान असला तरी दुर्लक्ष करू नये. प्रयोगशाळेच्या कागदाला रुग्ण कोणती गोळी घेतो हे ठाऊक नसते. ते सांगण्याची जबाबदारी रुग्णाची आहे.

रत्नागिरीच्या त्या थोरल्या बंधूंचा पहिला आकडा ७.२ आला. घरात दोन दिवस कोणी नीट जेवले नाही. मूत्ररोगतज्ज्ञांनी लघवीची तपासणी करवली, तीत जंतुसंसर्ग निघाला. औषध झाले, दीड-दोन महिने थांबून रक्त पुन्हा तपासले, तेव्हा आकडा ३.९ होता. भावाचा इतिहास असल्याने डॉक्टरांनी एमआरआय सुचवला. त्यात संशयास्पद काही दिसले नाही. ग्रंथीच्या साध्या वाढीसाठी गोळी सुरू झाली आणि सहा महिन्यांनी पुन्हा यावे असे ठरले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. थोरल्यांना जे करावे लागले, ती चाळणी तपासणी नव्हती. चाळणी तपासणी ही ज्यांना काहीही त्रास नाही अशांसाठी असते. ज्याला त्रास आहे, त्याने शिबिराची वाट पाहू नये. त्याला निदान हवे असते आणि त्यासाठी सरळ डॉक्टरांकडे जावे लागते. लघवीतून रक्त जाणे, लघवी एकाएकी अडणे, कंबरेत किंवा खुब्यात महिनोन्महिने न थांबणारे दुखणे, ही लक्षणे असतील तर आणखी एक दिवसही दवडू नये. हा कर्करोग पसरतो तेव्हा बहुधा हाडांत जातो, आणि 'कंबर धरली' म्हणून तेल चोळीत बसलेल्या कित्येकांचे निदान त्यामुळेच उशिरा होते.

मग सर्वच पुरुषांची सरसकट तपासणी का होत नाही, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. आपल्याकडे गावोगावी आशा सेविका तीस वर्षांवरील व्यक्तींची माहिती भरून घेतात. राष्ट्रीय कार्यक्रमात रक्तदाब आणि मधुमेहाबरोबर तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा अशा तीन कर्करोगांची तपासणी आहे. टाटा स्मारक केंद्रानेही रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील गावांत याच कर्करोगांसाठी तपासणीचे काम केले. प्रोस्टेट या यादीत नाही. ते दुर्लक्षामुळे घडलेले नाही. या तपासणीचा लाभ आणि तिची हानी यांचा हिशेब अवघड आहे, आणि तो हिशेब मांडण्यासाठी जगात लाखो पुरुषांनी आपल्या आयुष्यातील वर्षे दिली आहेत.

युरोपातील आठ देशांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात ५५ ते ६९ वयोगटातील १ लाख ६२ हजारांवर पुरुष होते. तेवीस वर्षांच्या पाठपुराव्याचा निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना तपासणीला बोलावले, त्यांच्यात प्रोस्टेटच्या कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी होते. हाच निष्कर्ष दुसऱ्या भाषेत सांगायचा तर, ४५६ पुरुषांना तपासणीला बोलावले, तेव्हा एक मृत्यू टळला. ब्रिटनमधील दुसऱ्या अभ्यासात ४ लाखांहून अधिक पुरुष होते. एका गटाला केवळ एकदाच पीएसए तपासणीला बोलावले गेले. पंधरा वर्षांनी बोलावलेल्यांत या रोगाने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण ०.६९ टक्के, तर न बोलावलेल्यांत ०.७८ टक्के होते. म्हणजे दहा हजारांमागे नऊंचा फरक. लाभ आहे, पण तो लहान आहे, सावकाश मिळणारा आहे आणि एका तपासणीने तर फारच थोडा पदरात पडतो. दुसऱ्या पारड्यात ज्यांना आयुष्यभर कधीही त्रास झाला नसता, असे कर्करोग शोधून काढून त्यांच्यावर केलेले उपचार पडतात. म्हाताऱ्या पुरुषांपैकी अनेक जण हा कर्करोग घेऊन मरतात, त्याने मरत नाहीत. म्हणूनच अमेरिकेतील प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१८ मध्ये ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी बोलून ज्याने त्याने निर्णय घ्यावा असे सांगितले, आणि सत्तरीनंतर सरसकट तपासणी नको असे सुचवले. ब्रिटनमध्ये आता ट्रान्सफॉर्म या नावाचा नवा अभ्यास एमआरआय आणि जनुकीय चाचण्यांची जोड देऊन हाच हिशेब पुन्हा मांडत आहे.

हे आकडे वाचून कोणी म्हणेल, मग तपासणी न केलेलीच बरी. तसा अर्थ त्यातून निघत नाही. त्यातून एवढेच निघते की तपासणी हा एक निर्णय आहे आणि त्यापुढे आणखी निर्णय येतात. ज्याला ते घ्यायचे नाहीत, त्याने केवळ शेजारी गेला म्हणून रांगेत उभे राहू नये. आणि जो उभा राहिला, त्याने अहवाल फायलीत टाकून मोकळे होऊ नये.

आकडा कमी निघालेल्या पुरुषाने दोन गोष्टी कराव्यात. एक, तो कागद जपून ठेवावा. पुढच्या प्रत्येक आकड्याचा अर्थ मागच्या आकड्याशेजारी ठेवल्यावरच लागतो. दुसरे, आपल्या वयाला आणि घराण्याला अनुसरून पुन्हा कधी तपासायचे, हे डॉक्टरांना त्याच भेटीत विचारावे. आकडा फार कमी असेल तर बरीच वर्षे थांबता येते. दर तीन महिन्यांनी रक्त देत राहणे हीदेखील एक प्रकारची व्याधीच आहे. 'सामान्य' हा शब्द त्या दिवसापुरता असतो, एवढे भान पुरे.

आकडा अधिक निघालेल्या पुरुषाने प्रथम तो पुन्हा तपासून घ्यावा. संसर्ग नाही ना, हे पाहावे. आकडा तसाच राहिला, तर आता बहुतेक तज्ज्ञ थेट सुई लावण्याआधी एमआरआय करतात. त्यामुळे अनेकांची सुई टळते आणि ज्यांना ती लागते त्यांच्यात ती योग्य जागी जाते. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' हा समज आपल्या समाजात खोलवर रुजलेला आहे आणि त्याने पुष्कळांचे नुकसान केले आहे. बायोप्सीमुळे थोडा रक्तस्राव आणि संसर्गाची भीती असते, तिची काळजी डॉक्टर घेतात. परंतु त्या भीतीपोटी निदानच टाळणे म्हणजे घरात धूर दिसत असताना खिडकी लावून घेणे होय.

ज्यांच्या अहवालात कर्करोग निघतो, त्यांच्यासाठी सर्वांत मोलाची माहिती एका ब्रिटिश अभ्यासाने दिली आहे. १९९९ ते २००९ या काळात तेथे ८२ हजारांवर पुरुषांची पीएसए तपासणी झाली. ज्यांना ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग निघाला, त्यांपैकी १,६४३ पुरुषांनी एक विलक्षण गोष्ट मान्य केली : आपल्यावर शस्त्रक्रिया व्हावी, किरणोपचार व्हावेत की केवळ लक्ष ठेवले जावे, हे सोडत पद्धतीने ठरू दिले. पंधरा वर्षांनंतरचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांत मिळून या रोगाने मृत्यू पावलेले सुमारे २.७ टक्के होते आणि गटागटांत लक्षणीय फरक नव्हता. लक्ष ठेवलेल्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण सुमारे ९ टक्के, तर इतर दोन गटांत सुमारे ५ टक्के होते, हेही सांगितले पाहिजे. त्या गटातील बहुसंख्य पुरुषांना पुढे कधी ना कधी उपचार घ्यावे लागले. मात्र जवळजवळ एक-चतुर्थांश पुरुष पंधरा वर्षांनी कोणताही उपचार न घेता जिवंत होते. त्या १,६४३ जणांमुळे आज जगातल्या कोणत्याही गावातील पुरुषाला निदानाच्या दिवशी सांगता येते की, थांबा, श्वास घ्या, निर्णयाला वेळ आहे.

हा वेळ वापरायचा असतो. शस्त्रक्रियेने काहींना लघवीवर ताबा न राहण्याचा त्रास होतो, दांपत्यजीवनावर परिणाम होतो. किरणोपचारांचे परिणाम आतड्यांवरही दिसू शकतात. लक्ष ठेवण्याचा मार्ग घेतला, तर ठरलेल्या तारखांना रक्त, एमआरआय आणि गरजेप्रमाणे पुन्हा बायोप्सी करावी लागते. या मार्गाला इंग्रजी वैद्यकात सक्रिय निरीक्षण म्हणतात आणि त्यातील 'सक्रिय' हा शब्द महत्त्वाचा आहे. तारखा चुकवणारा पुरुष निरीक्षणात नसतो, तो केवळ नशिबावर असतो. या गोष्टी डॉक्टरांशी बोलताना पत्नी शेजारी असावी. संकोच दोघांनाही होतो, पण परिणाम दोघांनाही भोगायचे असतात आणि दोघांना मिळून घेतलेला निर्णय पुढे रेटता येतो.

रत्नागिरीकराला या मार्गात एक अडचण अधिक असते, ती अंतराची. शहरात जिल्हा शासकीय रुग्णालय आहे, २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे; चिपळूण तालुक्यात डेरवणचे वालावलकर रुग्णालय आहे. रक्ततपासणी, लघवीची तपासणी, प्राथमिक सल्ला यांसाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. कर्करोगाचे निदान झाले, तर दुसरे मत घेण्यासाठी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे पावले वळतात. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयाने कोकणातील पिढ्यान्पिढ्यांची दुखणी पाहिली आहेत. तुतारी एक्स्प्रेसने रात्री निघालेला माणूस सकाळी दादरला उतरतो. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांना आणि त्यांच्या सोबत्यांना आसरा देते. प्रवासाला निघताना आजवरचे सगळे अहवाल तारखांच्या क्रमाने लावलेले असावेत, एमआरआयची सीडी आणि बायोप्सीचे मूळ तुकडे, म्हणजे ब्लॉक आणि काचपट्ट्या, प्रयोगशाळेतून मागून घेतलेले असावेत. दुसरे मत देणाऱ्याला नुसता टंकलिखित अहवाल पुरत नाही, मूळ काच पाहावी लागते. ती नसली तर साडेतीनशे किलोमीटरची फेरी वाया जाते.

खर्चाची काळजी असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबागणिक पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. ते कार्ड दुखणे आल्यावर काढण्यापेक्षा आधी काढून ठेवलेले चांगले. घरातील नातवंडांना हे काम सांगावे. त्यांच्यासाठी ते अर्ध्या तासाचे असते.

जे पुरुष खरोखरच एखाद्या अभ्यासात सहभागी झाले आहेत, त्यांनी निरोप घेताना आणखी काही विचारून घ्यावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेली नैतिक मार्गदर्शक तत्त्वे सहभागींच्या बाजूने आहेत. संमतिपत्राची प्रत सहभागीला मिळाली पाहिजे, हे त्यांत आहे. अभ्यासाचे निष्कर्ष सहभागींपर्यंत आणि समाजापर्यंत पोहोचावेत, ही अपेक्षाही त्यांत आहे. म्हणून तीन प्रश्न पुरेत. माझे स्वतःचे सर्व अहवाल मला लेखी मिळतील का? माझ्या रक्ताचे उरलेले नमुने कोठे आणि कशासाठी ठेवले जाणार? आणि आजपासून माझी काळजी कोणत्या डॉक्टरांकडे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय तेथून उठू नये. अभ्यासातील परिचारिकेचा दूरध्वनी क्रमांक वर्षभराने लागत नाही, गावातील डॉक्टरांचा दवाखाना उघडा असतो.

शिबिरे भरवणाऱ्या मंडळांसाठीही यात एक विचार आहे. आपल्या समाजातील अनेक ट्रस्ट आणि मंडळे उदारपणे शिबिरे घेतात. तीनशे जणांचे रक्त तपासले, हा आकडा वार्षिक अहवालात शोभतो. त्या तीनशेंपैकी ज्यांचे आकडे वाढलेले निघाले, त्यांतील किती जण तज्ज्ञांपर्यंत पोहोचले, हा दुसरा आकडाही त्याच अहवालात छापला जावा. सहा महिन्यांनी दोन कार्यकर्त्यांनी वही घेऊन त्या वीस-पंचवीस घरी जाणे, एखाद्या एकट्या राहणाऱ्या वृद्धाला दवाखान्यात सोबत करणे, हे मंडप उभारण्यापेक्षा कमी खर्चाचे काम आहे. आणि पीएसएची तपासणी ठेवायचीच असेल, तर रक्त घेण्याआधी पंधरा मिनिटे तिचे लाभ आणि तोटे समजावून सांगणारा डॉक्टर हवा. दानात जशी पात्रता पाहिली जाते, तशी सेवेतही पूर्णता पाहिली जावी.

रत्नागिरीच्या त्या घरात आता दिनदर्शिकेवर दोन भावांच्या तारखा एकाच पानावर आहेत. एकीपुढे रत्नागिरी लिहिलेले, दुसरीपुढे लेस्टर. नोंद वहिनी करतात. थोरल्यांचा मुलगा पुण्यात असतो, वय बेचाळीस. काकांचा आजार आणि आजीच्या बहिणीला झालेला स्तनाचा कर्करोग, दोन्ही एका कागदावर लिहून त्याला पाठवले आहे. त्याला आज कोणतीही तपासणी करायची नाही. पंचेचाळिशीच्या आसपास डॉक्टरांशी बोलायचे आहे, एवढेच. तो कागद त्याने आपल्या बहिणीलाही पाठवला.